उत्तरेच्या खिडक्या

१

सुपारी होती तिथंच होती. तिच्याखालचं पाकीट तेवढं गेलं होतं.

मैत्रेयीनं चहाचा ट्रे टीपॉयवर टेकवला, देवापुढच्या पाटाकडे पाहिलं आणि "अगं बाई!" एवढंच म्हणाली. मागून कपबशा घेऊन आलेल्या सुनेत्राबाई जागच्या जागी थांबल्या. अर्ध्या तासापूर्वी, बरोबर अडीच वाजता, त्यांनी स्वतः त्या पाकिटातल्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली होती.

"निशिकांत! पाकीट उचललंस का रे तू?"

"मी कशाला उचलू? कुरियरवाला चारला येणार आहे." निशिकांत फोन कानाला लावून आतून आला आणि पाटाकडे पाहताच फोनवरच्या माणसाला काही न सांगता त्यानं फोन बंद केला.

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात २०१५ सालच्या जुलैतल्या त्या शनिवारी सहा माणसं होती, आणि सहाही माणसं आता पाटाकडे पाहत उभी होती. नाही, पाच. सहावा, मैत्रेयीचा धाकटा भाऊ चारुदत्त, खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून होता. त्यानं फक्त मान वळवली.

निशिकांत बँकेतला माणूस. दुधी घेताना नख लावून पाहणारा, टॅक्सीच्या पावतीवर तारीख तपासणारा. पण जूनमध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या एका हॉटेलात इंग्लंडमधल्या नव्या घरांचं प्रदर्शन लागलं, तिथं वातानुकूलित हॉलमध्ये सँडविच खात खात या गृहस्थानं दोन तासांत लीड्स शहरातला एक कोरा करकरीत फ्लॅट पसंत करून टाकला. पत्रकावर पाहून, रोहन नावाच्या एजंटाच्या शब्दावर. लेक चैत्राली सप्टेंबरात तिथं शिकायला जाणार होती, आणि "माझी मुलगी परक्याच्या खोलीत राहणार नाही" हे वाक्य त्यानं इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता मागे फिरणं त्याला परवडणारं नव्हतं.

तिथल्या वकिलांना मूळ सह्यांचे कागद हवे होते. स्कॅन चालणार नव्हतं. बुधवारपर्यंत पोचले नाहीत तर राखून ठेवलेला फ्लॅट दुसऱ्याला. आणि बुधवारी पोचायचे तर आज चारचा कुरियर गाठायलाच हवा.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"दार आतून बंद आहे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "रोहन फोनसाठी बाहेर गेला होता, त्याला मीच परत आत घेतलं. हात हलवत गेला, हात हलवत आला. म्हणजे पाकीट घरातच आहे."

"आणि चोरही," निशिकांत म्हणाला.

२

सुनेत्राबाईंची सारी नोकरी हिशेबतपासनीस म्हणून गेली. दोन मजले खाली राहायच्या. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. आता आकड्यांऐवजी माणसं तपासायच्या. प्रत्येकाचं मनातल्या मनात एक खातं. मैत्रेयीच्या नावावर जमा बाजूला सुगरणपण, नावे बाजूला न बोलता झुरणं. निशिकांतच्या जमेला दानत, नावे टोमणे. साक्षीदार नात्यातला चालत नाही, म्हणून आज त्यांना जेवायला बोलावलं होतं. श्रीखंडपुरीच्या बदल्यात एक सही, सौदा वाईट नव्हता. पण आता कागदावर आपलं नाव आहे आणि कागदच नाही, ही गोष्ट त्यांना पुरी गळ्याशी अडकल्यासारखी लागत होती.

"कोणी आरडाओरडा करायचा नाही," त्या म्हणाल्या. "मला एकेकाशी बोलू द्या. चारपर्यंत पाकीट नाही मिळालं, तर मग खुशाल भांडा."

आधी मैत्रेयी. स्वयंपाकघरात.

"तू चहा करत होतीस आणि मी इथंच तुझ्याशेजारी कप पुसत होते. रोहनला दार उघडलं तेवढा क्षण सोडून सगळा वेळ. तेव्हा घेतलं तू नाहीस. पण तुझा चेहरा का उतरलाय?"

मैत्रेयीनं नळ सोडला, बंद केला. "ताई, मी पाकिटावर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं ना, तेव्हा देवाला म्हटलं, हे पोचू नये. एवढीशी पोर. एकटी. इतक्या लांब. यांना कसं सांगू? आणि चहा होईपर्यंत पाकीट गेलंच की हो!"

"देव पाकिटं उचलत नाही, मैत्रेयी. त्याला सुपारी पुरते. स्वस्तिक काढलंस ते बोटानं ना?"

"हो. मग लगेच इथं हात धुतले, तुमच्यादेखतच."

"आणि सगळ्यांना कुंकू लावलंस ते?"

"त्याच बोटानं. त्यांनी कपाळं पुढं केली, बस."

सुनेत्राबाईंनी ही नोंद जपून ठेवली. घरात सगळ्यांची कपाळं लाल होती. बोटं मात्र कोणाचीच लाल असायचं कारण नव्हतं.

मग चैत्राली. ती आपल्या खोलीत, उघड्या सुटकेसपाशी फतकल मारून बसली होती.

"मावशी, बिलीव्ह मी, मी नाही घेतलं. मला जायचंय लाह! हॉस्टेल पण चाललं असतं, पण पप्पांना घरच घ्यायचं होतं." सिंगापुरी बोलीतलं हे 'लाह' तिच्या वाक्यांना शेपटीसारखं चिकटलेलं असायचं.

"ही सुटकेस आत्ता काढलीस?"

"हो. बॉम्ब शेल्टरमधून."

सिंगापुरातल्या नव्या सरकारी फ्लॅटांना पोलादी दाराची एक कोठी असते. युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून तीत तांदळाची पोती, सुटकेसा आणि नको झालेले कपडे राहतात.

"तिथं काही वेगळं दिसलं?"

चैत्रालीनं खांदे उडवले. "नथिंग. फक्त लाइट ऑलरेडी ऑन होता. मम्मी नेहमी ओरडते लाइटवरून, म्हणून लक्षात राहिलं."

सुनेत्राबाई उठल्या. दिवा कोणीतरी आधीच लावला होता. मैत्रेयी तर स्वयंपाकघरातून हललीच नव्हती.

३

रोहन देखणा, गुळगुळीत आणि तीस वर्षांचा होता. त्या प्रदर्शनातल्या कंपनीसाठी तो फ्लॅट विकायचा; मराठी घरांत मराठीतून, गुजराती घरांत गुजरातीतून.

"काकू, मी का घेईन? व्यवहार झाला तर माझं कमिशन."

"आणि हा मोडून तोच फ्लॅट दुसऱ्याला जास्त भावानं गेला, तर?"

रोहनचं गुळगुळीतपण किंचित सुरकुतलं.

"सह्या होताच तू कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावलास," सुनेत्राबाई म्हणाल्या. "'सहाशे बारा नाही झाला तर' एवढं मी दारातून ऐकलं. बाकीचं तू सांग."

"ऐकलंत होय!" तो हसला, पण ओशाळून. "एक गिऱ्हाईक याच सहाशे बारा नंबरच्या फ्लॅटसाठी थांबलंय, खरं आहे. काकू, सिंगापूरच्या माणसाला उत्तरेच्या खिडक्या हव्या असतात. दुपारचं ऊन नको, भिंती तापायला नकोत. आपल्या लोकांना तर उत्तर म्हणजे कुबेराची दिशा! उत्तरेचे सगळे फ्लॅट पहिल्या दिवशी उडाले, जास्त दर देऊन. दक्षिणेचे पाच पडून आहेत. मी साहेबाला विचारत होतो, सहाशे बारा नाही झाला तर तो थांबलेल्याला जाईल, पण दक्षिणेच्यांवर तरी सूट द्या की. बघा, फोनवर वेळ पण आहे. दोन चाळीस ते तीन. मी बाहेरच होतो."

फोन खरं बोलत होता.

निशिकांतनं आपली झडती आपणच दिली. खिसे उलटे केले. "ताई, मी आतल्या खोलीत कुरियरवाल्याशी बोलत होतो. माझं घर मी कशाला चोरू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "उरला एकच. आमचे मेहुणे. त्यांना दुसऱ्यांचं लीड्स बघवत नसेल."

हा टोमणा जुना होता. चारुदत्त बारा वर्षांपूर्वी लीड्सलाच शिकायला गेला होता आणि वर्ष पुरं न करता परत आला होता. "थंडी मानवली नाही," एवढंच त्यानं सांगितलं. त्यावर निशिकांतनं त्याला 'अर्धे पदवीधर' अशी पदवी बहाल केली, आणि ती गेली बारा वर्षं प्रत्येक जेवणात लोणच्यासारखी वाढली जात होती. आजही वाढली गेली होती.

आजच्या जेवणातलं आणखी काहीतरी सुनेत्राबाईंना आठवत होतं, पण हाताला लागत नव्हतं.

साडेतीन झाले. निशिकांतचा फोन वाजला. "हां? ओके, ओके." त्यानं फोन ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. "कुरियरवाला लवकर येतोय. दहा मिनिटांत."

४

डायनिंग टेबलावर फ्लॅटचा नकाशा पसरलेला होता. जेवण झाल्यावर रोहननं तो आणून ठेवला होता. त्याआधी टेबल सुनेत्राबाईंनीच पुसलं होतं. दोन बेडरूम, हॉल, किचन, सगळं निळ्या रेघांत. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा एक इवलासा बाण.

बाणावर लाल डाग होता.

सुनेत्राबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुंकू. ओलं असताना लागलेलं, बोटाच्या टोकाएवढं.

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे बेरीज करू लागल्या.

पाकीट उचलताना ज्याचं बोट ओल्या स्वस्तिकाला लागलं, तोच माणूस पाकीट हातात घेऊन या नकाशाशी आला. आणि त्यानं काय पाहिलं? बेडरूम नाही, किचन नाही. बाण. ज्याच्याकडे नकाशात कोणीही पाहत नाही, तो. रोहनला उत्तर तोंडपाठ होती. निशिकांतनं तर उत्तर म्हणूनच फ्लॅट घेतला होता. चैत्राली प्रदर्शनाला बापाबरोबर गेली होती, तिनंही नकाशा दहादा पाहिला होता. खात्री करून घ्यायची गरज एकालाच. आजच पहिल्यांदा ऐकणाऱ्याला.

आणि आता ते जेवणातलं आठवलं. निशिकांत पुरी मोडत सांगत होता, "एक किरण येणार नाही घरात! एसी नको, पडदे नकोत!" सगळे हसले होते. एकानं मात्र विचारलं होतं, "बेडरूमची खिडकीसुद्धा त्याच बाजूला?" निशिकांत म्हणाला होता, "सगळ्या, मेहुणेबुवा, सगळ्या! पैसे मोजलेत." त्यानंतर विचारणाऱ्यानं श्रीखंडाची वाटी बाजूला सारली होती. श्रीखंड! मैत्रेयीच्या हातचं!

चोराला व्यवहार मोडायचाच असता तर त्यानं कागद फाडले असते, निदान खिडकीतून खाली टाकले असते. यानं सुपारी परत पाटावर ठेवून पाकीट घरातच कुठंतरी, दिवा लावून, जपून ठेवलं होतं. कागद त्याला नाहीसे करायचे नव्हते. फक्त आजचा दिवस टाळायचा होता.

सुनेत्राबाईंनी हॉलकडे पाहिलं. दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट आत येत होतं. सिंगापुरात या वेळेला अख्खी इमारत पडदे ओढून बसते. या घरातही प्रत्येक जण त्या कोपऱ्याला वळसा घालून जायचा. वेताची खुर्ची मात्र कायम तिथंच असायची, कारण चारुदत्त दर शनिवारी यायचा आणि नेमका तिथंच बसायचा. "पापड वाळत घातलाय," निशिकांत म्हणायचा. चैत्राली म्हणायची, "मामा ऑलवेज लाइक दॅट, लाह."

बारा वर्षं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सुनेत्राबाईंनीसुद्धा. आणि एकाही खात्यावर त्याची नोंद नव्हती.

त्या उठल्या, एक स्टूल घेतलं, आणि उन्हात चारुदत्तच्या शेजारी जाऊन बसल्या.

५

"चटके बसतात रे इथं."

"सवय आहे मला, सुनेत्राताई." तो हसला. छत्तिशीचा, शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या कंपनीत काम करणारा, बेडोकला एका खोलीत राहणारा शांत माणूस.

"उजवा हात बघू."

त्यानं हात पुढं केला नाही. पण मागेही घेतला नाही. नखाच्या कडेला लाल रेघ होती.

"मी तुला पकडायला नाही आले," सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या. "त्या कागदावर माझी सही आहे. मी कशाला साक्ष राहिले, ते मला कळायला हवं. त्या खोलीत काय झालं होतं, चारुदत्त? लीड्सच्या?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"एकच खिडकी होती," तो म्हणाला. "उत्तरेला. तिथला हिवाळा म्हणजे सूर्य मुळात दुपारी चारच्या आत मावळतो. त्यात उत्तरेची खोली म्हटल्यावर ऊन येणारच नाही. ऑक्टोबरपासून आलंच नाही. आधी लेक्चर बुडायला लागली. मग आंघोळ. मग जेवण. डिसेंबरात मी अकरा दिवस अंथरुणातून उठलो नाही. रडत होतो असंही नाही. नुसता पडून. कशासाठी उठायचं, तेच सापडेना."

"आणि मग?"

"घरमालकीण दार उघडून आत आली. म्हातारी बाई. काही विचारलं नाही. गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट आणला, माझ्या अंगावर चढवला, हाताला धरून समोरच्या बागेतल्या बाकावर उन्हात नेऊन बसवलं. रोज यायची. तीन आठवडे. डॉक्टरकडे तिनं नेलं, तिकीटही तिनंच काढायला लावलं. ती नसती तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "सगळ्यांना होतं असं नाही. चैत्रालीला काहीही होणार नाही कदाचित. पण माझ्याच घरातली पोर आहे, ताई. ती त्या बाजूला तोंड करून एकटी झोपणार, आणि मी पुरी खात ऐकत बसू?"

"मग बोलायचं होतंस!"

"काय बोलू? 'खिडकी चुकीच्या बाजूला आहे'? ते म्हणाले असते, अर्ध्या पदवीधरांना काय कळतं! मग सगळंच सांगावं लागलं असतं. बारा वर्षं मी 'थंडी मानवली नाही' यावर निभावलंय."

दारावरची बेल वाजली.

चैत्रालीनं दार उघडलं. हेल्मेट काखेत घेतलेला कुरियरवाला उभा होता. "अंकल, पार्सल गॉट ऑर नॉट?"

निशिकांतनं हताशपणे सुनेत्राबाईंकडे पाहिलं. सुनेत्राबाईंनी फक्त चारुदत्तकडे पाहिलं, आणि तो उठला.

६

तो बॉम्ब शेल्टरकडे गेला आणि एक जाड, तपकिरी लोकरी कोट प्लास्टिकच्या कव्हरसकट घेऊन आला. दहाएक वर्षं तो कोट बहिणीच्या घरी टांगलेला होता. सिंगापुरात त्याचा कोणाला काय उपयोग? कव्हरची चेन उघडून त्यानं आतून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. स्वस्तिकाची एक बाजू पुसट झाली होती.

"मी घेतलं," तो म्हणाला.

"वाटलंच होतं मला!" निशिकांत उसळला. "स्वतःचं झालं नाही म्हणून—"

"निशिकांत." सुनेत्राबाईंचा आवाज चढला नाही, पण आजवर कित्येक कंपन्यांचे मालक त्या आवाजाला खुर्चीत बसले होते. "पाकीट टेबलावर आहे, माणूस दारात आहे. द्यायचं तर अजून देता येईल. आधी पाच मिनिटं ऐक."

चारुदत्तनं सांगितलं. उन्हात बसून सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत, टेबलाच्या कडेला धरून, कोणाकडेही न पाहता. मैत्रेयीनं मध्येच तोंडावर पदर धरला. "बारा वर्षं, चारू? मला सुद्धा नाही?" चैत्राली येऊन मामाच्या दंडाला बिलगून उभी राहिली.

कुरियरवाल्याला भाषा कळत नव्हती, पण तो घड्याळाकडे बघायचा थांबला होता.

निशिकांतनं नकाशावरच्या त्या लाल बाणाकडे पाहिलं. जास्त दर देऊन त्यानं मुलीसाठी काय विकत घेतलं होतं, ते त्याला आता दिसत होतं. हॉटेलातल्या थंडगार हॉलमध्ये बसून त्यानं टॅम्पिनीसचं ऊन टाळलं होतं, आणि ते टाळलं होतं लीड्समध्ये, जिथं ते आधीच दुर्मिळ होतं.

"हे तेव्हाच सांगितलं असतंस तर..." तो म्हणाला.

"तर काय केलं असतंत, निशिकांतराव?"

निशिकांतनं विचार केला. खोटं बोलायची सोय होती, पण तो दुधी निवडणारा माणूस होता.

"हसलो असतो," तो म्हणाला. "हसलोच असतो रे मी."

मग त्यानं कुरियरवाल्याकडे वळून सांगितलं, "सॉरी. नो पार्सल." पोरानं खांदे उडवले. मैत्रेयीनं त्याला कोकम सरबताचा ग्लास दिल्याशिवाय जाऊ दिलं नाही. देवानं तिचं ऐकलं होतं, आणि भलत्याच रस्त्यानं ऐकलं होतं. कोणाला तरी काहीतरी देणं तिला भागच होतं.

"रोहन," सुनेत्राबाई म्हणाल्या, "मघाशी कॉरिडॉरमध्ये जे बोलत होतास, ते आता इथं टेबलाशी बोल."

"दक्षिणेचे पाच आहेत, काकू. पण उत्तरेसारखा समोर कालवा नाही, रेल्वेचे रूळ आहेत."

"रुळांवर ऊन पडतं ना?" निशिकांतनं विचारलं.

"तिथं दुसरं काही नाहीच. मोकळं आकाश."

"मग लाव साहेबाला फोन. तुझं थांबलेलं गिऱ्हाईक उत्तर घेऊन सुखी होऊ दे."

"त्याला पण सांगा, पप्पा," चैत्राली म्हणाली. "त्याची पण कोणी राहणार असेल ना तिकडे."

रोहननं तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवशी त्यानं ते खरंच सांगितलं, असं सुनेत्राबाईंना मागाहून कळलं. त्याच्या खात्यावर त्यांनी पहिली जमा मांडली.

पुढच्या शनिवारी नवे कागद आले. सुनेत्राबाईंनी पुन्हा सही केली. पाकिटावर स्वस्तिक या खेपेला चारुदत्तच्या बोटानं काढलं गेलं, आणि ते जरा वाकडं आलं.

७

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आठला चैत्रालीनं लीड्सहून फोटो पाठवला. तिथं भर दुपार होती. तपकिरी कोट खुर्चीच्या पाठीवर, आणि खिडकीतून आलेलं ऊन इतकं खालून, इतकं तिरकं, की हॉल ओलांडून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचलेलं. खाली तिनं लिहिलं होतं: मामा, आलं बघ. ट्रेनचा आवाज खूप आहे. बट ओके लाह. परवा कोट घालून तुझ्या म्हातारीच्या बागेत गेले होते. ती आता नाहीये. बाक आहे.

दुसऱ्या दिवशी जेवायला सुनेत्राबाई गेल्या, तेव्हा आठवडाभराच्या पावसानं नुकतीच उघडीप दिली होती. पश्चिमेच्या खिडकीत ऊन आलं होतं, आणि तिथं एकाच्या जागी वेताच्या दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवरचं दुकानाचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं.

तीत निशिकांत बसला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, सदरा पाठीला चिकटला होता.

"अहो निशिकांतराव, तुम्ही कशाला उन्हात?" चारुदत्त म्हणाला. "पापड होईल."

"होऊ दे," निशिकांत म्हणाला आणि खुर्ची आणखी थोडी उन्हात सरकवली. "बस तू."